दुखणं नीट सांगता आलं, तर औषध सापडतं

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बायका ओटीपोटातल्या दुखण्याला त्याच्या नावानं सहसा हाक मारत नाहीत. कोणी म्हणते कंबर धरते, कोणी म्हणते पोटात ओढ लागते, कोणी म्हणते खाली जड जड वाटतं. आपल्या घरांत तर ‘तबियत ठीक नाही’ एवढ्यावर सगळं आवरतं. ऐकणारी बाई समजून घेते आणि पुढे काही विचारत नाही. दवाखान्यात मात्र याच शब्दांनी काम अडतं. ‘कंबर दुखते’ एवढंच सांगितलं, तर समोरचा डॉक्टर कंबरेची गोळी देतो.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. वयाची पंचेचाळिशी आली. हे दुखणं अकरा वर्षांपासून माझ्यासोबत आहे. त्यातल्या शेवटच्या चार वर्षांत ते माझ्या ताब्यात आलं. पूर्ण गेलं नाही, हे आधीच सांगते, कारण ‘एका गोळीत बरं’ असा भरवसा देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण पूर्वी महिन्यातले पंधरा-वीस दिवस जायचे, आता तीन-चार जातात. हा फरक कशानं पडला ते लिहिते. एखाद्या बहिणीला किंवा तिच्या घरच्यांना उपयोग होईल.

माझं दुखणं पाळीच्या दोन दिवस आधी सुरू व्हायचं आणि पाळी संपली तरी आठवडाभर राहायचं. डाव्या बाजूला खुपायचं, कळ मांडीत उतरायची, शौचाच्या वेळी जीव नको व्हायचा. चौथ्या तासिकेपर्यंत फळ्यासमोर उभं राहिलं की टेबलाचा कोपरा धरावा लागायचा. नमाजमध्ये सज्द्यातून उठताना हात टेकावा लागायचा. तीनदा सोनोग्राफी झाली, तिन्ही वेळा रिपोर्ट नॉर्मल. एका ठिकाणी जंतुसंसर्ग म्हणून अँटिबायोटिक मिळालं, दुसरीकडे गॅसचं औषध. तिसरीकडे सांगितलं, दोन मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाका. घरी आल्यावर हातात नॉर्मलचा कागद आणि पोटात तीच कळ.

रिपोर्ट नॉर्मल असला की घरचे नकळत आपल्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागतात. बाईलाही स्वतःबद्दल शंका येते, की हे माझ्या मनाचंच असेल का? त्या काळात मला गडचिरोलीतल्याच एका अभ्यासाची माहिती मिळाली आणि फार धीर आला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केल्यावर दोन गावांतल्या ६५० मुली-स्त्रियांची तपासणी केली. तक्रार असो वा नसो, गावातल्या बायकांना विचारून, समजावून त्यांनी हे काम केलं. जानेवारी १९८९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार निघाला. आणि या ६५० जणींपैकी पूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी व उपचार झालेल्या किती, तर फक्त ८ टक्के.

हा अभ्यास जुना आहे, पण त्यामुळे जगाला एक गोष्ट कळली. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरलं जायचं. बाळंतपणाशिवायही बाईला दुखतं, आणि ती ते अंगावर काढते, हे या आपल्या जंगलपट्टीतल्या बायकांमुळे पुढे आलं. धानाच्या रोवणीत दिवसभर वाकून उभी राहणारी असो, तेंदूपत्ता तोडणारी असो की शिलाई मशीनवर बसणारी, दुखणं तेच आणि गप्प राहणंही तेच.

आता हे दुखणं असतं काय? ओटीपोटात सहा महिन्यांहून जास्त काळ राहिलेल्या किंवा परत परत येणाऱ्या वेदनेला डॉक्टर जुनाट ओटीपोटदुखी म्हणतात. त्याची कारणं अनेक. एक मोठं कारण एंडोमेट्रिओसिस. गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर, अंडाशयावर किंवा आतड्याजवळ वाढतो आणि तिथे सूज येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे जवळपास १९ कोटी जणींना हा आजार आहे. सुरुवातीचा थर पातळ असला तर साध्या सोनोग्राफीत तो दिसत नाही. त्यामुळे ‘नॉर्मल’ याचा अर्थ ‘या तपासणीत दिसलं नाही’ एवढाच. ‘दुखत नाही’ असा तो नसतो.

याशिवाय पिशवी आणि नळ्यांचा जुना संसर्ग असतो, आपल्या देशात जननमार्गाचा क्षयही असतो. सिझेरियन किंवा नसबंदीनंतर आतले भाग एकमेकांना चिकटतात. मूत्राशयाचं किंवा आतड्याचं दुखणं असतं. आपल्या जिल्ह्यांत सिकलसेल आहे, त्यातही पोटात कळा येतात. आणि एक कारण फारसं कुणी सांगत नाही. ओटीपोटाला खालून झोळीसारखं धरणारे स्नायू वर्षानुवर्षांच्या वेदनेनं आखडून जातात आणि मग तेच दुखू लागतात. एकाच बाईत यातली दोन-तीन कारणं एकत्र असू शकतात. म्हणून एकाच गोळीनं सगळं थांबेल असं होत नाही.

माझ्या बाबतीत वळण आलं ते नागपूरच्या एका डॉक्टरबाईंमुळे. त्यांनी पहिल्या भेटीत नवी तपासणी लिहिली नाही. दोन महिन्यांची वही मागितली. रोज रात्री एक ओळ: पाळीचा कितवा दिवस, वेदना शून्य ते दहामध्ये किती, कुठे, कशी (खुपल्यासारखी, जळल्यासारखी की ओढल्यासारखी), लघवी-शौचाच्या वेळी दुखलं का, पतीपत्नीच्या संबंधांच्या वेळी किंवा नंतर दुखलं का, कोणती गोळी घेतली आणि किती तासांनी बरं वाटलं. शेवटचे दोन प्रश्न तोंडानं सांगणं मला जड गेलं असतं. वहीत लिहिणं सोपं गेलं. दोन महिन्यांची पानं बघून त्यांनी सांगितलं की वेदना पाळीच्या चक्राबरोबर चढते-उतरते, म्हणून एंडोमेट्रिओसिसची दाट शक्यता आहे, आणि उरलेल्या दिवसांतलं दुखणं आखडलेल्या स्नायूंचं आहे. पूर्वी या आजाराच्या खात्रीसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन करून बघायचे. आता लक्षणं जुळत असतील तर आधी औषध देऊन बघता येतं.

औषधांबद्दल मी जे शिकले ते सांगते. हे वाचून दुकानातून गोळ्या आणू नका. डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यावेत म्हणून हे वाचा.

पहिला गट वेदनाशामक गोळ्यांचा: मेफेनामिक अ‍ॅसिड, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन. या गोळ्या वेदना निर्माण करणारं रसायन शरीरात तयार होण्याआधी अडवतात. म्हणून कळ दहावर गेल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच, पोटात काही खाऊन आणि सांगितलेल्या वेळांना घेतल्या तर जास्त लागू पडतात. मूत्रपिंडाचा आजार, अल्सर किंवा दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. मेफ्टाल नावानं घराघरांत असलेल्या मेफेनामिक अ‍ॅसिडबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशननं २०२३ च्या अखेरीस इशारा दिला होता. क्वचित एखाद्या व्यक्तीला त्यानं ताप आणि अंगभर पुरळ अशी गंभीर अ‍ॅलर्जी होऊ शकते. गोळीनंतर असं काही दिसलं तर ती थांबवून लगेच दाखवावं.

दुसरा गट हार्मोनचा. मला रोज एक, ठरलेल्या वेळी डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम सुरू झालं. पहिले तीन महिने मधूनमधून डाग लागत राहिले आणि चिडचिड वाढली. हे होऊ शकतं असं डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरून सोडलं नाही. चौथ्या महिन्यापासून वहीतले आकडे उतरू लागले. कोणाला यानं मन फार उदास होतं, तेव्हा बदलून घ्यावं लागतं. ही गोळी गर्भनिरोधक म्हणून धरू नये. काहींना साध्या गर्भनिरोधक गोळ्या देतात, पण उच्च रक्तदाब, अर्धशिशी किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल तर त्या चालत नाहीत. काहींना हार्मोन असलेलं गर्भाशयातलं साधन बसवतात. ते आणि सरकारी दवाखान्यातली तांबी एक नव्हेत. तांबीनं रक्तस्राव आणि दुखणं उलट वाढू शकतं.

तिसरा गट नसांच्या वेदनेचा. मला रात्री अ‍ॅमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम दिलं. मोठ्या मात्रेत हे उदासीनतेवरचं औषध आहे. घरी कुणीतरी पाकिटावरचं नाव शोधून ‘ही तर डोक्याची गोळी’ म्हणालं. पण छोट्या मात्रेत ते वेदनेचा निरोप मंद करतं. पहिले काही दिवस सकाळी झोप उतरत नव्हती, तोंड कोरडं पडायचं. नंतर सवय झाली. याच कामासाठी गॅबापेंटिनही लिहिलं जातं. ज्यांच्या पोटात दुर्बिणीतून काहीच सापडलं नव्हतं अशा ३०६ स्त्रियांवर ब्रिटनमध्ये त्याची चाचणी झाली. २०२० मध्ये छापून आलेल्या निकालात ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही आणि चक्कर, झोप मात्र जास्त आली. कोणी ते लिहून दिलं तर ‘मला हे कशासाठी?’ असं अदबीनं विचारायला हरकत नाही.

संसर्ग निघाला तर अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स घ्यावा लागतो, आणि बहुतेक वेळा शौहरनाही औषध घ्यावं लागतं. एकट्या बाईनं घेतलं तर आजार परत येतो. क्षय निघाला तर सरकारी कार्यक्रमात औषध मोफत आहे आणि ते मध्येच सोडायचं नसतं.

गोळ्यांनी माझं निम्मं दुखणं उतरलं. उरलेलं उतरवलं ते स्नायूंच्या व्यायामानं आणि दिवस आखण्यानं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवलं की माझे स्नायू सैल सोडायचे आहेत. खालचे अवयव आवळून धरण्याचे व्यायाम, जे बाळंतपणानंतर सर्रास सांगतात, ते आखडलेल्या स्नायूंना त्रासच देतात. पाठीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यायचे आणि श्वास खाली पोटापर्यंत न्यायचा, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून वीस मिनिटं. बद्धकोष्ठ होऊ न देणं, कारण कुंथलं की सगळं परत आखडतं. शाळेत दोन तासिका उभं राहून, एक बसून. ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशी घरची साठलेली सगळी कामं उपसायची नाहीत. बरं वाटतं म्हणून धुणं, दळण, पाहुणे सगळं एकाच दिवशी केलं की पुढचे तीन दिवस वहीत आठ-नऊ आकडे दिसायचे. त्यामुळे चांगल्या दिवशीही काम तेवढंच, जेवढं मधल्या दिवशी झेपतं.

यात घरच्यांचा वाटा औषधाइतकाच आहे. माझ्या शौहरनी एके दिवशी वही मागून घेतली आणि सगळी वाचली. त्यानंतर ‘आज कसं वाटतं?’ असं न विचारता ते ‘आज किती?’ असं विचारतात. सहाच्या वर आकडा असला की संध्याकाळचा स्वयंपाक ते आणि मुलगी बघतात. जवळीकीच्या वेळी दुखतं हे त्यांना कळल्यावर आमच्यातला बराच अबोला संपला, कारण माझं टाळणं त्यांना नाराजी वाटत होतं. मुलीला पाळी सुरू झाली तेव्हा सासूबाईंनीच तिला सांगितलं की थोडं दुखणं असतं, पण शाळा बुडेल एवढं दुखलं तर सांगायचं.

रमजानचा प्रश्न अनेक बहिणी विचारतात. वेदनाशामक गोळी उपाशीपोटी घेऊ नये. दिवसातून दोनदाच घ्यायची असेल तर इफ्तार आणि सहरीनंतर बसवता येते. रात्रीची गोळी तरावीहनंतर. हार्मोनची गोळी रोज एकाच वेळी लागते, म्हणून रमजानच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटून वेळ ठरवून घ्यावी. आजारात रोजा पुढे ढकलून नंतर भरून काढण्याची सवलत अल्लाहनं सूरह बकरामध्ये दिलेली आहे. ती घेण्यात लाज कसली? औषध सुरू केल्यावर अधूनमधून डाग लागतात, तेव्हा नमाजचं काय हाही प्रश्न पडतो. पाळी आणि आजाराचा रक्तस्राव (इस्तिहाजा) यांचे हुकूम वेगळे आहेत. आपले दिवस सांगून आलिमांना किंवा आलिमाबाईंना विचारावं. तिथेही ती वही कामाला येते.

विचारायला लाज वाटते, असं ज्या बहिणी म्हणतात त्यांनी आपला इतिहास आठवावा. हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश (र.) यांना रक्तस्राव थांबत नव्हता. त्यांनी ते थेट प्रेषित मुहम्मद (स.) यांना येऊन सांगितलं. त्यांना उत्तर मिळालं, आणि आजवरच्या सगळ्या बायकांना त्यातून मार्गदर्शन मिळालं. अन्सारच्या स्त्रियांचं कौतुक करताना हजरत आयशा (र.) म्हणाल्या होत्या की दीन समजून घेताना या स्त्रियांच्या आड लाज आली नाही. आपण सबर हा शब्द फार सहज वापरतो. औषध लागू पडेपर्यंतचे तीन-चार महिने वही लिहीत, गोळी न चुकवता काढणं, यालाही सबरच लागतो.

आता पिशवी काढण्याबद्दल. काही आजारांत ते ऑपरेशन खरंच लागतं, त्याला नाव ठेवायचं नाही. पण दुखतं म्हणून पहिला उपाय तो नसावा. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारी समितीसमोर आलेल्या माहितीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीत काम बुडतं, मजुरी कापली जाते, म्हणून कमी वयातच पिशवी काढण्याकडे कल झाला होता. एंडोमेट्रिओसिसचा थर पिशवीबाहेर असतो, त्यामुळे पिशवी काढूनही वेदना राहू शकते. अंडाशयंही काढली तर लहान वयात पाळी जाते आणि हाडं ठिसूळ होऊ लागतात. कोणी ऑपरेशन सुचवलं तर आजाराचं नाव काय, औषधानं काय काय करून पाहिलं, अंडाशय ठेवणार का, हे तीन प्रश्न विचारावेत आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

आपल्या भागात अंतर हीसुद्धा मोठी अडचण आहे. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. एका बाईसोबत घरातला आणखी एक माणूस, दोघांची मजुरी आणि भाडं. म्हणून निघण्याआधी आशाताईंना विचारावं की स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या दिवशी बसतात. घरी स्मार्टफोन असेल तर ई-संजीवनीवर सरकारी डॉक्टरांशी मोफत बोलता येतं. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, गडचिरोलीत जिल्हा महिला रुग्णालय आहे, धानोरा रस्त्यावर सर्चचा शोधग्रामचा दवाखाना आहे. पुरुष डॉक्टर असतील तर सोबत नर्सबाईंना थांबवावं असं सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. मात्र पाळी चुकली असून एका बाजूला अचानक तीव्र कळ आली, चक्कर आली, दुखण्यासोबत ताप चढला, किंवा पाळी कायमची गेल्यानंतर रक्त दिसलं, तर वही-बिही काही न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बाकी बहिणींनी मुलांच्या जुन्या वहीतली कोरी पानं काढावीत आणि आज रात्रीपासून रोज एक ओळ लिहावी. लिहिता येत नसेल तर मुलीकडून किंवा सुनेकडून लिहून घ्यावी. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ती वहीच ठेवावी. अल्लाह सगळ्या आजारी भगिनींना शिफा देवो आणि त्यांच्या घरच्यांना त्यांचं दुखणं समजून घेण्याची तौफीक देवो. आमीन.